पडवीपासून शौचालयापर्यंत : किनाऱ्यावरील व्यायामशाळा दिव्यांगांसाठी खुली करताना

गुहागर तालुक्यातील किनाऱ्यालगतच्या एका गावात, जुन्या चिरेबंदी घराच्या पुढच्या भागात व्यायामशाळा चालवणाऱ्या गृहस्थांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. आंब्याच्या झाडावरून पडून कमरेखालचा भाग लुळा झालेला गावातील एक तरुण त्यांच्याकडे व्यायामाला येऊ इच्छितो; तो चाकाच्या खुर्चीवर असतो. दृष्टी जवळजवळ गेलेल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनीही चौकशी केली आहे. अंगणातून पडवीत यायला सहा-सहा इंचांच्या चार पायऱ्या आहेत, दाराला उंबरा आहे आणि शौचालय मागील दारी आहे. गेटपासून पडवीपर्यंत अंगण २५ फूट, तर पडवीच्या लांबीने ३० फूट आहे. हाताशी दोन लाख रुपये आहेत आणि विक्रेता म्हणतो की दिव्यांगांसाठीचे खास यंत्र घ्या. ते घ्यावे का?

घेऊ नये, निदान आज तरी. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांत गेली बावीस वर्षे मी फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करतो आणि त्यातील बराच काळ इमारतींची मापे घेण्यात, गवंड्यांशी हुज्जत घालण्यात आणि झालेली कामे पुन्हा फोडायला लावण्यात गेला आहे. या काळात खास यंत्र नाही म्हणून व्यायाम सोडलेला माणूस मला क्वचितच भेटला. पावसात आत येता आले नाही म्हणून किंवा लघवीची सोय नव्हती म्हणून सोडलेले मात्र पुष्कळ भेटले. म्हणून आपले पैसे आधी वाटेवर आणि शौचालयावर खर्च व्हावेत, उरले तर यंत्रांवर, असे माझे स्पष्ट मत आहे.

सुरुवात त्या चार पायऱ्यांपासून करू. चार पायऱ्यांची उंची मिळून सुमारे ६०० मिलिमीटर होते. देशभर लागू असलेल्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत रॅम्पचा उतार एकास बारापेक्षा तीव्र नसावा असे सांगितले आहे. म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. या हिशेबाने आपल्याला ७.२ मीटर लांबीचा रॅम्प आणि त्याच्या दोन्ही टोकांना दीड-दीड मीटरची सपाट जागा लागेल. गवंडी हे ऐकून हसतो आणि दोन पायऱ्यांवर फळी टाकल्यासारखा तीन मीटरचा उतार करून देतो. तो एकास पाच होतो. त्यावर चाकाची खुर्ची ढकलणारा घसरतो, बसलेला मागे कलंडतो आणि थोड्याच दिवसांत त्या उतारावर मोटारसायकली चढू लागतात.

एकास बारा हेही कोरड्या दिवसाचे माप आहे असे मी समजतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. खुर्चीच्या चाकाला हाताने फिरवायची जी कडी असते ती ओली झाली की हात घसरतो आणि एकास बाराचा चढ एकास आठसारखा वाटू लागतो. त्यामुळे किनाऱ्यावर जागा असेल तेथे मी एकास पंधरा धरतो. आपल्या अंगणात ते जमण्यासारखे आहे, फक्त सगळी उंची रॅम्पवरच चढायची हा हट्ट सोडला पाहिजे. गेटपासून आत सहा मीटरपर्यंत अंगणच भराव घालून एकास वीसच्या उताराने वर आणावे. इतका मंद उतार पायाला जाणवतही नाही आणि त्याला कठडाही लागत नाही. सहा मीटरमध्ये ३०० मिलिमीटर उंची मिळते. पडवीसमोर उरलेल्या दीड मीटर रुंदीच्या सपाट पट्टीत, पडवीला समांतर असा साडेचार मीटर लांबीचा रॅम्प बाकीचे ३०० मिलिमीटर चढवतो. खाली दीड मीटर, वर दीड मीटर सपाट जागा धरून साडेसात मीटर होतात. आपली पडवी नऊ मीटरची आहे. उरलेल्या दीड मीटरमध्ये पायऱ्या राहतात आणि भरावामुळे चारपैकी दोन पायऱ्या आपोआप बुजतात. उतार घराकडून गेटकडे असल्याने पाणीही भिंतीपासून दूर जाते.

उरलेल्या दोन पायऱ्या काढू नका. पायात कॅलिपर (पायाला ताठ ठेवणारा आधाराचा सांगाडा) घालणाऱ्या आणि कुबड्यांवर चालणाऱ्या कित्येकांना रॅम्पपेक्षा कठडा असलेली बेताची पायरी सोपी जाते, कारण उतारावर त्यांचा घोटा वाकत नाही आणि शरीराचा तोल पुढे जातो. पायऱ्यांच्या कडांना मात्र पिवळ्या किंवा पांढऱ्या रंगाचा दोन इंचांचा पट्टा ओढा. शिक्षिकाबाईंना पहिल्या दिवसापासून उपयोगी पडणारी आपल्या यादीतील सर्वांत स्वस्त गोष्ट ती आहे.

रॅम्पच्या पृष्ठभागाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण येथे मी स्वतः चुकलो आहे. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका संस्थेच्या व्यायामगृहासाठी मी रॅम्प आखून दिला होता. उतार बरोबर, रुंदी बरोबर, कठडा दोन उंचींवर. संस्थेने 'दिसायला बरी' म्हणून त्यावर गुळगुळीत लादी बसवली आणि मार्च महिन्यात, खडखडीत उन्हात, मी ते काम पाहून मान डोलावली. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात कौलांच्या पागोळ्या नेमक्या रॅम्पच्या मधोमध पडू लागल्या. ऑगस्टपर्यंत लादीच्या सांध्यांत हिरवे शेवाळ धरले आणि कुबडीवर येणारे एक काका घसरून त्यांचे मनगट मोडले. छप्पर, पन्हळ आणि पृष्ठभाग यांचा विचार न करता फक्त उताराचे माप देणारा मी, त्या अपघातात गवंड्याइतकाच दोषी होतो. तेव्हापासून कोणतेही काम भर पावसात एकदा पाहिल्याशिवाय मी पुरे झाले असे म्हणत नाही.

तर पृष्ठभाग साध्या काँक्रीटचा ठेवा आणि तो ओला असतानाच कडक हिराच्या झाडूने आडव्या रेघा ओढून घ्या, म्हणजे चालण्याच्या दिशेला काटकोनात. लादी नको, पॉलिश केलेला कोबा नको आणि उघडा जांभाही नको. जांभ्याच्या छिद्रांत ओल राहते आणि सावलीच्या बाजूला शेवाळ हमखास धरते. रॅम्पवर पत्र्याचे छप्पर पुढे दीड-दोन फूट बाहेर काढा, कारण किनाऱ्यावर पाऊस सरळ पडत नाही, झड आत येते. पागोळ्यांना पन्हळ लावा आणि तिचे पाणी रॅम्पच्या तोंडाशी सोडू नका. रॅम्पच्या पायथ्याशी पाण्यासाठी चर घेतलात तर त्यावरच्या जाळीच्या फटी १२ मिलिमीटरपेक्षा रुंद नसाव्यात आणि त्या चाकाच्या दिशेला आडव्या असाव्यात. उभ्या फटीत खुर्चीचे पुढचे लहान चाक अडकले की माणूस तोंडावर येतो. पावसाळ्यात दर आठवड्याला तारेचा ब्रश आणि ब्लीचिंग पावडर, हे काम कोणाचे ते आधीच ठरवून ठेवा.

रॅम्पची मोकळी रुंदी किमान १२०० मिलिमीटर असावी. उघड्या बाजूला तीन-चार इंच उंचीची कड असावी, म्हणजे चाक खाली उतरणार नाही. कठड्याचे पाईप साधारण ७६० आणि ९०० मिलिमीटर अशा दोन उंचींवर, मुठीत नीट मावतील अशा चार सेंटिमीटर जाडीचे आणि दोन्ही टोकांना फूटभर पुढे काढलेले असावेत. वेल्डर आपल्याला स्टेनलेस स्टील सुचवील आणि बहुधा २०२ प्रतीचे देईल. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर ते वर्षभरात तांबारते. ३०४ बरे, पण त्यावरही डाग येतात. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असल्याने ते खाऱ्या हवेत टिकते, मात्र महाग पडते. माझा सल्ला असा की कठड्यासाठी जाड गॅल्व्हनाइज्ड पाईप घ्यावा, वेल्डिंगचे सांधे झिंकच्या रंगाने झाकावेत आणि ३१६ चे पैसे शौचालयातील दांड्यांसाठी राखून ठेवावेत, कारण तेथे हात ओला असतो आणि पूर्ण वजन पडते.

आता दार. जुन्या घराचे दार दुपाखी असते आणि एक फळी उघडली की जेमतेम दीड-पावणेदोन फूट वाट मिळते. आपल्याला मोकळी ९०० मिलिमीटर हवी. दोन्ही फळ्या उघडून ती मिळत असेल तर व्यायामशाळेच्या वेळेत दोन्ही उघड्या ठेवा, विषय संपला. मिळत नसेल तर दार फोडून रुंद करण्याआधी थांबा. चिऱ्याची भिंत भार घेणारी असते. दाराची चौकट रुंद केली की वरची तुळई बदलावी लागते आणि अभियंत्याशिवाय ते करू नये. त्याऐवजी पडवीकडे उघडणारी रुंद खिडकी आहे का ते पाहा. खिडकीवरची तुळई आधीपासून असतेच. खिडकीखालची भिंत जमिनीपर्यंत कापली की भाराला धक्का न लागता दार तयार होते. राजापूर तालुक्यातील एका घरात आम्ही असेच केले आणि खर्च गवंड्याच्या तीन दिवसांच्या मजुरीइतका आला. उंबरा श्रद्धेचा असेल तर मुख्य दाराचा तसाच राहू द्यावा. खिडकीच्या दाराला तो नसतोच. काही कड ठेवावीच लागली तर ती १२ मिलिमीटरच्या आत, तिरकी घासलेली असावी. दाराशी काथ्याचे जाड पायपुसणे टाकण्याची आपली सवय आहे. ते चाकाखाली गोळा होते आणि पांढऱ्या काठीत अडकते, म्हणून जमिनीत खाच घेऊन समपातळीत बसवा, नाहीतर उचला.

दाराच्या आत, बसल्या जागेवरून हात पोहोचेल असा एक नळ आणि दोन जुने पंचे ठेवा. खुर्चीची चाके चिखल घेऊन आत येतात, तोच चिखल हातांना लागतो आणि त्याच हातांनी डंबेल धरायचे असते. शेजारी सायकलचा पंप आणि तेलाची कुपीही असू द्या. खाऱ्या हवेत पुढच्या चाकांच्या बेअरिंगला गंज चढतो आणि जड झालेली खुर्ची ओढत येणारा माणूस व्यायामाआधीच दमलेला असतो.

शौचालयाबद्दल संकोच न करता लिहितो, कारण निर्णय तेथेच होतो. पाठीच्या कण्याला दुखापत झालेल्या बहुतेकांचा लघवीवरचा ताबा गेलेला असतो. कोणी कायमची नळी आणि पिशवी वापरतो, तर कोणी दर चार ते सहा तासांनी स्वतः नळी घालून मूत्राशय रिकामे करतो. ज्या जागी हे करता येणार नाही तेथे जायचे असेल तर तो सकाळपासून पाणी पीत नाही. मग दमट हवेत, घाम गाळत, न प्यायलेल्या अवस्थेत तासभर व्यायाम करतो. मूत्रमार्गाचा संसर्ग, चक्कर आणि 'व्यायाम मानवत नाही' हा निष्कर्ष, असा हा ठरलेला क्रम आहे. माझ्याकडे येणाऱ्या एका रुग्णाने सहा महिन्यांनी व्यायामशाळा सोडल्याचे कारण 'वेळ मिळत नाही' असे सांगितले होते. खरे कारण त्याच्या आईने सांगितले. तो जाण्याच्या दिवशी सकाळचा चहादेखील घेत नसे.

मागील दारचे शौचालय सुधारण्यापेक्षा आतल्या एखाद्या खोलीचा कोपरा घेऊन नवे बांधणे बहुधा स्वस्त पडते, कारण मागील दारी पुन्हा पायऱ्या, पुन्हा छप्पर आणि पुन्हा शेवाळ. आत सुमारे २२०० बाय २००० मिलिमीटर जागा असावी, म्हणजे खुर्ची कमोडच्या बाजूला लावता येते. दार बाहेर उघडणारे किंवा सरकते, ९०० मिलिमीटर मोकळे. आत उघडणारे दार असेल आणि माणूस आत पडला तर ते त्याच्याच अंगावर अडते. कमोडच्या बैठकीची उंची ४५० ते ४८० मिलिमीटर, म्हणजे खुर्चीच्या बैठकीच्या जवळपास. जेट स्प्रे भिंतीच्या बाजूला, बसून हात पोहोचेल असा. नळीचे साहित्य ठेवायला एक फळी, पिशवी अडकवायला एक आकडा, झाकणाचा डबा आणि बसल्या जागेवरून हात धुता येईल असे छोटे बेसिन. जमिनीला खरखरीत लादी आणि पाणी खुर्चीच्या वाटेत न साचता कोपऱ्याकडे जाईल असा हलका उतार.

आधाराच्या दांड्यांची एक खास अडचण आपल्याकडे येते, ती शहरातल्या ठेकेदाराला ठाऊक नसते. चिरा मऊ असतो. काँक्रीटमध्ये घट्ट बसणारा विस्तारणारा बोल्ट चिऱ्यात बसल्यासारखा वाटतो आणि काही महिन्यांनी वजन पडले की भुग्यासकट बाहेर येतो. म्हणून दांडीचे बोल्ट भिंतीतून आरपार काढून पलीकडे लोखंडी पट्टी लावा आणि ती पट्टी गंजू नये म्हणून रंगवून प्लास्टरखाली झाका. नवी भिंत बांधतच असाल तर दांडीच्या जागी काँक्रीटचा ठोकळा टाकून घ्या. काम झाल्यावर मी स्वतः दांडीला लोंबकळून पाहतो. ठेकेदाराला ते आवडत नाही.

यंत्रांची गोष्ट आता थोडक्यात. पहिले काम खरेदीचे नाही, दोन यंत्रे बाहेर काढण्याचे आहे. आपल्यासारख्या खोल्यांत माणसापेक्षा लोखंड जास्त झालेले असते. यंत्रांमधली वाट ९०० मिलिमीटर आणि खुर्ची वळायला किमान दोन ठिकाणी १५०० मिलिमीटर व्यासाची मोकळी जागा हवी. जमिनीवरचे स्पंजासारखे मऊ तुकडे काढा. त्यांत पुढची चाके रुततात. पातळ, कडक रबर चालते, कडा चिकटवलेल्या असाव्यात.

त्या तरुणासाठी उंची बदलता येणारी पुली, डंबेल आणि रुंद बाकडे एवढ्यावर पहिले वर्ष जाईल. बाकड्याची उंची त्याच्या खुर्चीच्या बैठकीइतकी, साधारण ४५ ते ५० सेंटिमीटर ठेवा आणि पाय घसरू नयेत म्हणून ते बाकड्याला पट्ट्याने बांधता येतील असे पाहा. पॅरा पॉवरलिफ्टिंगचे बाकडे पाहिलेत तर पाय बाकड्यावरच राहतील इतके ते लांब-रुंद का असते ते कळेल. पुली ओढताना खुर्ची पुढे सरकते किंवा उलटते, म्हणून भिंतीत एक भक्कम कडी बसवून खुर्ची तिला अडकवा; छातीभोवती पट्टा हवा का ते त्यालाच विचारा. जुन्या सायकलच्या ट्यूब हा आपल्या व्यायामशाळांचा जुना उपाय येथेही उत्तम चालतो. हाताची पकड नसलेल्या माणसासाठी वेल्क्रोचे मनगटपट्टे गावातला खोगीर-चप्पल शिवणाराही करून देईल.

व्यायाम कोणते, हे शिकवताना एक लक्षात ठेवा : खुर्चीवरचा माणूस दिवसभर पुढे ढकलण्याचेच काम करत असतो. त्याच्या खांद्यांचा पुढचा भाग आधीच दमलेला असतो. तरुण मुलांना छातीचे व्यायाम हवे असतात, पण त्याला मागे ओढण्याचे व्यायाम त्याच्या दुप्पट द्या. खांदा गेला तर त्याचे चालणेही गेले, कारण खांदे हेच त्याचे पाय आहेत. जेथे संवेदना नाही तेथे त्वचेची काळजी आपल्याला घ्यावी लागते; दर पंधरा-वीस मिनिटांनी त्याने हातांवर जोर देऊन बूड उचलावे आणि कडक बाकड्यावर बसताना स्वतःची गादी खाली घ्यावी. दुखत नाही म्हणून जखम कळत नाही आणि बैठकीची जखम भरायला महिने लागतात.

दोन गोष्टी प्रशिक्षकाला तोंडपाठ हव्यात. दुखापत छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत असेल तर त्या खालच्या शरीराला नीट घाम येत नाही आणि मे महिन्याच्या उकाड्यात अंग तापत जाते. पंखा, ओला पंचा आणि फवाऱ्याची बाटली जवळ ठेवा. याच गटात, म्हणजे छातीच्या सहाव्या मणक्याच्या किंवा त्यावरच्या दुखापतीत, अचानक डोके ठणकणे, चेहरा लाल होणे आणि रक्तदाब भराभर चढणे असा प्रकार होतो. आपल्याकडे कोणाला काही झाले की आधी आडवे करतात. येथे आडवे करू नका. त्याला ताठ बसवा, कपडे आणि पट्टे सैल करा, लघवीची नळी मुडपली आहे का ते पाहा आणि लगेच डॉक्टरांकडे न्या. बहुतेक वेळा तुंबलेले मूत्राशय हेच कारण असते. आपल्या तरुणाची दुखापत कमरेच्या पातळीवर असेल तर हा धोका त्याला नाही, तरी त्याच्या कागदांवरून पातळी समजून घ्या आणि त्याच्या डॉक्टरांची संमती घेऊन सुरुवात करा.

शिक्षिकाबाईंसाठी बांधकाम फारसे लागत नाही, शिस्त लागते. काठी जमिनीलगतचे शोधते. छातीच्या उंचीवर वाटेत आलेला बारबेलचा दांडा तिला सापडत नाही. म्हणून स्टँडवरचे दांडे वाटेपासून आत घ्या आणि डंबेल वापरून झाले की जागेवर ठेवण्याचा नियम सर्वांना लावा. यंत्राची जागा बदलायची असेल तर त्यांना आदल्या दिवशी सांगा. पहिल्या दिवशी त्यांना सगळी खोली हाताने दाखवा, वजनांवर उठावाचे आकडे चिकटवा आणि 'इकडे', 'तिकडे' हे शब्द सोडून 'डाव्या हाताला दोन पावलांवर' असे बोलायची सवय करा. भिंतभर आरसा असेल तर त्याच्या खालच्या कडेला रंगीत पट्टी लावा. थोडी दृष्टी शिल्लक असलेल्या माणसाला आरशात आणखी एक खोली दिसते. ऐकू न येणारे सभासद पुढे आलेच तर वेळ संपल्याची घंटा दिव्यानेही कळेल एवढे पाहा.

वर्तनाबद्दल एकच सांगतो. तरुण भावाबरोबर आला की प्रशिक्षक भावालाच विचारतो, 'हा काय काय करू शकतो?' प्रश्न त्याला विचारा. फी नेहमीचीच घ्या, मदतनिसाची घेऊ नका. फुकट दिलेल्या जागी माणूस तक्रार करत नाही आणि तक्रार आली नाही तर आपली चूक आपल्याला कळत नाही.

काही जण वरच्या मजल्यावर व्यायामशाळा घेतात आणि 'आम्ही चौघे उचलून नेऊ' म्हणतात. त्यात माया असते, पण रोज उचलून नेणे ही सोय नव्हे. उचलणाऱ्याची पाठ जाते आणि नेल्या जाणाऱ्याचा मान. चिपळूणकरांची अडचण मात्र मला मान्य आहे. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर तेथे तळमजल्यावर यंत्रे ठेवायला कोण धजावेल? तेथे मी लिफ्ट असलेली इमारत निवडा असे सांगतो आणि वीज गेल्यावर खुर्चीवरच्या माणसाला कोणी, कसे खाली आणायचे याची तालीम त्याच्यासमोर, त्याला विचारून, वर्षातून दोनदा करायला लावतो. आपल्या गावात पुराचा प्रश्न नसेल तर तळमजला ही आपली मोठीच जमेची बाजू आहे.

कायद्याचे विचारले नाही, तरी सांगून ठेवतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे आणि त्यातील सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत लोकांच्या वापरातील खासगी इमारतीही येतात, करमणूक आणि विरंगुळ्याच्या जागांसह. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात सुगम्यतेची मानके नुसती शिफारस म्हणून ठेवणे कायद्याला धरून नाही असे म्हटले आहे. म्हणजे आज आपण हौसेने करतो आहोत ते उद्या करावेच लागेल. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी राखून ठेवावी लागते. आपली व्यायामशाळा खासगी असल्याने तो पैसा आपल्याला मिळेल असे धरू नका, पण गेटपर्यंतचा रस्ता आणि पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, ग्रामपंचायतीची आहे. त्या तरुणाला आणि शिक्षिकाबाईंना बरोबर घेऊन अर्ज द्या. त्याच पैशातून गावात खुली व्यायामशाळा होणार असेल तर तिथली लोखंडी बैठक सावलीत आहे का तेही पाहा. मे महिन्यातल्या दुपारी संवेदना नसलेल्या मांड्या अशा बैठकीवर भाजलेल्या मी पाहिल्या आहेत.

गेटच्या आत बाजूची चाके लावलेल्या स्कूटरसाठी छपराखाली जागा ठेवा. आपल्या भागात पुष्कळ जण त्याच गाडीवर येतात आणि तिला मागे घेणे कठीण असते, म्हणून ती पुढच्या पुढे वळून बाहेर पडेल अशी आखणी हवी.

कामाचा क्रम मी असा ठेवीन. गवंडी बोलावण्याआधी एका सकाळी त्या तरुणाला अंगणात बोलवा, त्याच्या खुर्चीची रुंदी आणि बैठकीची उंची मोजा, खडूने रॅम्प आणि शौचालय जमिनीवर आखा आणि त्या रेघांत त्याला खुर्ची वळवून दाखवायला सांगा. शिक्षिकाबाईंनाही त्याच सकाळी खोलीतून एक फेरी मारू द्या. जेथे चाक रेघेबाहेर जाईल तेथे नकाशा बदला. भराव आणि शौचालय आधी, रॅम्पचे काँक्रीट एप्रिलअखेर, छप्पर आणि पन्हळ मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत. जूनच्या पहिल्या मोठ्या सरीत छत्री घेऊन रॅम्पच्या पायथ्याशी उभे राहा आणि पाणी कोठून येते, कोठे साचते ते पाहा. तेव्हा जे दिसेल ते मला कळवा, कठड्याचे शेवटचे बोल्ट आपण त्यानंतर आवळू.